नेढ्याच्या एका फोटोच्या सहा प्रती: क्लाउड आणि हार्ड डिस्कमध्ये विखुरलेल्या संग्रहाचं प्रकरण

डिसेंबर २०१४, राजगड, सुवेळा माची. कॅनन ६००डीने काढलेला नेढ्याचा, म्हणजे खडकातल्या आरपार भोकाचा, एक फोटो, फाइलचं नाव आयएमजी_४४१७. जून २०२५मध्ये हाच फोटो सहा ठिकाणी सापडला. एका जुन्या हार्ड डिस्कवर २४.६ एमबीची मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली कच्ची फाइल) होती. दुसऱ्या डिस्कवर ‘नवीन बॅकअप’ आणि ‘जुना लॅपटॉप डी’ या दोन फोल्डरांत तीच रॉ दोनदा पडलेली होती. लॅपटॉपच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून एडिट करून काढलेली ८.१ एमबीची जेपीजी होती. गूगल फोटोजमध्ये त्याच जेपीजीची १६ मेगापिक्सेलवर आणलेली प्रत होती, २.९ एमबीची. आणि सहावी व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली, १६०० पिक्सेल रुंद, २४० केबी. तिच्या नावात तारीख होती १९ फेब्रुवारी २०१७, म्हणजे फोटो काढल्याची नाही, शिवजयंतीला कुणीतरी फॉरवर्ड केल्याची.

सहा प्रती असूनही ‘हा फोटो सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला मालकाकडे उत्तर नव्हतं. मूळ कुठली आणि तिच्यावर केलेलं एडिटिंग कुठे साठलंय, हेच त्यांना सांगता येत नव्हतं. फोटो हरवतात ते बहुतेक वेळा याच अज्ञानामुळे. डिस्क बिघडणं हे त्याच्या नंतरचं कारण.

संग्रह आहे पुण्यातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांचा. २०११ ते २०२५ या चौदा वर्षांत सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे काढलेले फोटो: दरवाजे, टाकी, शिलालेख, ढासळत चाललेले बुरूज. जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, राजगड त्यातलाच एक. अशा जागांवर डागडुजी होते, नवे दगड बसतात, रेलिंग येतं. त्याआधीची स्थिती दाखवणारा, तारखेसकट टिकलेला फोटो हा पुरावा असतो. म्हणून या कामात तारखेला चित्राइतकंच महत्त्व दिलं.

काय बिघडलं

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार म्हणून सरांनी जूनमध्ये विंडोज ११चा, ५१२ जीबी एसएसडीचा नवा लॅपटॉप घेतला. जुन्या लॅपटॉपचं पिक्चर्स फोल्डर नव्यात जसंच्या तसं आणलं: ९,४०० फाइली, १८६ जीबी. सेटअप करताना वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू राहिला होता. तो चालू असला की पिक्चर्स फोल्डरची जागाच बदलते. आधी फोल्डर ‘सी ड्राइव्ह, युजर्स, नाव, पिक्चर्स’ इथे असतं, नंतर ते ‘सी ड्राइव्ह, युजर्स, नाव, वनड्राइव्ह, पिक्चर्स’ इथे जातं. डाव्या पट्टीत नाव तेच दिसतं, त्यामुळे बदल लक्षात येत नाही.

वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी. १८६ जीबीतले पहिले ५ जीबी, म्हणजे २१२ फाइली वर गेल्या आणि ‘जागा संपली’ असा निरोप आला. सरांनी ब्राउझरमध्ये वनड्राइव्ह उघडून पिक्चर्स फोल्डर डिलीट केलं. त्यांचा हिशेब साधा होता: वरची प्रत काढली, लॅपटॉपवरची राहीलच. पण वनड्राइव्ह सिंक करतो, आणि सिंकमध्ये दोन्ही बाजू एकच फाइल असतात. वर गेलेल्या २१२ फाइली लॅपटॉपवरूनही गेल्या. ज्या वर पोहोचल्याच नव्हत्या, त्या वाचल्या.

त्याच आठवड्यात लाइटरूम क्लासिकमध्ये जवळपास सगळ्या फोटोंवर उद्गारचिन्ह आलं आणि फोल्डरांवर प्रश्नचिन्ह. कारणं दोन. पिक्चर्सचा पत्ता वरच्याप्रमाणे बदलला होता. आणि जुनी हार्ड डिस्क, जिला आधीचा लॅपटॉप ‘ई’ म्हणायचा, तिला नव्याने ‘एफ’ हे अक्षर दिलं. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात. फोटोचा पत्ता आणि त्यावर काय काय केलं त्याची नोंद, एवढंच असतं. पत्ता चुकला की नोंद जागेवर राहते, पण फोटो सापडत नाही.

सरांनी घाबरून राजगडाचं एक फोल्डर पुन्हा इम्पोर्ट केलं. फोटो आले, पण कोरे. नव्या पत्त्यावरचा फोटो लाइटरूमच्या लेखी नवाच फोटो, त्याच्या नावावर एडिटिंग नाही. या टप्प्यावर अनेकजण ‘हरवलेले’ फोटो कॅटलॉगमधून काढून टाकतात आणि वर्षांची मेहनत एका क्लिकमध्ये जाते. सरांनी तेवढं केलं नाही. पुढचं सगळं शक्य झालं ते त्यामुळेच.

पहिले दोन दिवस: हात बांधून घेणे

पहिल्यांदा वनड्राइव्हचं सिंक थांबवलं आणि गूगल फोटोजमधली ‘जागा मोकळी करा’ (बॅकअप झालेले फोटो फोनवरून काढून टाकणारी) ही सोय वापरायची नाही असं ठरलं. नवं काही टाकायचं नाही, जुनं काही काढायचं नाही. मग ब्राउझरमध्ये वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमधून २१२ फाइली परत आणल्या. वैयक्तिक खात्यात तिथे फाइल ३० दिवस राहते, बिन भरलं तर त्याआधीही जाऊ शकते. डिलीट करून एकोणीस दिवस झाले होते. या २१२पैकी ६१ फाइलींची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

त्यानंतर कागदावर तक्ता केला. कागदावरच, कारण या वेळी कुठल्या यंत्रावर काय आहे याचाच भरवसा नसतो. डिस्क ‘क’: १ टीबी, २०१३ची, २०११ ते २०१७चे फोटो, सुमारे १४,००० फाइली, २६८ जीबी. डिस्क ‘ख’: २ टीबी, २०१९ची, बॅकअपांचे बॅकअप, ५१२ जीबी. लॅपटॉपचं पिक्चर्स: १८६ जीबी. गूगल फोटोज: २०१६पासून फोनचे २८,६०० फोटो आणि १,१५० व्हिडिओ. घरात एक आयफोनही होता. त्यात ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू होतं, म्हणजे फोनवर छोट्या प्रती आणि मूळ फाइली आयक्लाउडवर. किल्ल्यांचे फोटो त्यात नव्हते, म्हणून तो बाजूला ठेवला.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पाहिली. पाहायच्या दोन ओळी: ‘रीअॅलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे डिस्कवरचे बाद झालेले आणि वाचायला अडणारे कप्पे. डिस्क ‘क’चे पेंडिंग सेक्टर ८ निघाले. शून्याच्या वर आकडा असला की ती डिस्क आधी रिकामी करायची आणि नंतर कामाला लावायची नाही. आजारी डिस्कवर शोधाशोध, डुप्लिकेट काढणं, प्रीव्ह्यू बनवणं यांतलं काहीही करू नये. एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून घ्यावी. नव्या २ टीबी पोर्टेबल एसएसडीवर टेराकॉपी या कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरने, ‘व्हेरिफाय’ (प्रत ताडून पाहणं) चालू ठेवून, सगळं उतरवलं. चार फाइलींवर सीआरसी एरर (डेटा नीट वाचता न आल्याची खूण) आला. त्या चारही डिस्क ‘ख’वर धडधाकट मिळाल्या.

डुप्लिकेट काढण्याचा क्रम

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्यातल्या बऱ्याच क्रमाच्या असतात.

नावावरून डुप्लिकेट ठरवता येत नाहीत. कॅननचा कॅमेरा ९९९९नंतर पुन्हा ०००१पासून मोजतो. सरांच्या संग्रहात आयएमजी_४४१७ नावाचे दोन वेगळे फोटो होते: एक राजगडाचा, दुसरा २०१७मधला लग्नातल्या पंगतीचा. नावावरून छाटणी केली असती तर दोघांपैकी एक गेला असता. म्हणून तुलना करायची ती फाइलच्या आतल्या मजकुराची, चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढून. डुपगुरू या डुप्लिकेट शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘कंटेंट्स’ हा प्रकार निवडायचा, ‘फाइलनेम’ नाही.

आता क्रम. लाइटरूममधून एडिटिंगची नोंद फाइलींमध्ये लिहून घेण्याची सोय आहे, पुढे ती वापरलीच. पण रॉ फाइलच्या बाबतीत ती नोंद शेजारी वेगळ्या एक्सएमपी फाइलमध्ये जाते, जेपीजीच्या बाबतीत जेपीजीच्या आत. जेपीजीच्या आत एक अक्षर बदललं तरी चेकसम बदलतो. म्हणजे नोंद आधी लिहिली तर कालपर्यंत सारख्या असलेल्या दोन जेपीजी आज वेगळ्या ठरतात आणि डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर त्यांना ओळखत नाही. म्हणून आधी डुप्लिकेट, मग एक्सएमपी.

डिस्क ‘ख’च्या ५१२ जीबीतले ४८१ जीबी निव्वळ पुनरावृत्ती निघाले. उरलेल्या ३१ जीबीत १,६३० फाइली होत्या ज्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या. त्यांत २०१६च्या वासोट्याच्या ट्रेकचं अख्खं रॉ फोल्डर होतं, जे डिस्क ‘क’वरून कधी डिलीट झालं ते सरांना आठवतही नव्हतं. ‘ही नुसती बॅकअपची डिस्क आहे, फॉरमॅट करून टाकू’ असा विचार आधी झाला होता. असं फॉरमॅट चेकसमची यादी हातात असल्याशिवाय करू नये.

याच डिस्कवर शून्य बाइटच्या ३४० फाइली होत्या. नाव आहे, आत काही नाही. डिस्क एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि ‘इजेक्ट’ न करता वायर उपसण्याची सवय होती. एक्सफॅटमध्ये जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, त्यामुळे लिहिणं अर्धवट राहिलं की सावरायला आधार नसतो. घरात सगळी यंत्रं विंडोजची असतील तर बाहेरच्या डिस्कला एनटीएफएस (विंडोजची स्वतःची पद्धत) बरं. टीव्ही आणि मॅक दोन्हीला जोडायची असेल तरच एक्सफॅट, आणि मग इजेक्टची शिस्त हवीच.

गूगलमधून बाहेर: तारखांची गोष्ट

२०१६पासून सरांच्या फोनचा बॅकअप ‘हाय क्वालिटी’मध्ये जात होता. १ जून २०२१पूर्वी त्या प्रकारात चढवलेले फोटो गूगलच्या मोफत १५ जीबीच्या हिशेबात धरले जात नाहीत, नंतरचे धरले जातात. आज त्याच प्रकाराला ‘स्टोरेज सेव्हर’ म्हणतात. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६वर येतो, १०८०पीपेक्षा मोठा व्हिडिओ १०८०पीवर. ६००डीचे १८ मेगापिक्सेलचे एक्स्पोर्ट तिथे लहान झालेले लगेच ओळखू आले, कारण मूळ रुंदी ५,१८४ पिक्सेल असते आणि गूगलकडच्या प्रतीची कमी. फोनच्या १२ मेगापिक्सेल फोटोंचं माप बदललं नव्हतं, पण ते पुन्हा कॉम्प्रेस झाले होते. फोनवरचे मूळ फोटो ‘जागा मोकळी करा’ने केव्हाच गेले होते. त्यामुळे गूगलमध्ये जे आहे तेच आता मूळ मानायचं, हे सरांना स्पष्ट सांगितलं.

बाहेर काढण्यासाठी गूगल टेकआउट ही आपला डेटा उतरवून घेण्याची गूगलची सोय वापरली. आधी सगळ्यावरची खूण काढायची, मग फक्त गूगल फोटोजवर करायची. झिपचा आकार ५० जीबी निवडायचा, म्हणजे तुकडे कमी होतात. तीन झिप आल्या, मिळून ११८ जीबी. डाउनलोडची लिंक आठवडाभरच चालते, म्हणून नेट आणि डिस्क दोन्ही तयार असतानाच मागणी करावी.

प्रत्येक फोटोबरोबर एक जेसॉन फाइल येते. तीत गूगलच्या लेखी असलेली तारीख आणि ठिकाण असतं. पहिल्या प्रयत्नात तिन्ही झिप वेगवेगळ्या फोल्डरांत उघडल्या गेल्या आणि घोळ झाला, कारण फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसॉन दुसऱ्या झिपमध्ये असू शकते. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, सेव्हन-झिपने, ‘डी ड्राइव्ह, टी’ अशा अगदी छोट्या पत्त्यावर उघडल्यावर जोड्या जुळल्या. छोटा पत्ता अशासाठी की विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांपुढे गेला की कित्येक प्रोग्रॅम अडखळतात. अल्बमांची नावं लांब असतात, त्यात जेसॉनच्या नावामागे ‘सप्लिमेंटल-मेटाडेटा’ असं शेपूट लागतं, आणि मूळ नाव लांब असेल तर ते शेपूटही मध्येच तुटलेलं येतं. जुळणी करणारी स्क्रिप्ट पूर्ण नाव शोधत बसली तर अशा फाइली तिला सापडत नाहीत.

अल्बममधला फोटो टेकआउटमध्ये दोनदा येतो: वर्षाच्या फोल्डरमध्ये आणि अल्बमच्या फोल्डरमध्ये. फक्त वर्षांची फोल्डरं ठेवली, अल्बमांच्या नावांची आणि फाइलींची यादी मजकूर फाइलमध्ये उतरवून घेतली. ११८चे ९६ जीबी झाले.

आता तारखा. जेसॉनमधली तारीख सगळ्या फोटोंवर सरसकट चढवू नये. कॅमेऱ्याने फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीतली, म्हणजे एक्झिफमधली, तारीख बहुतेक फोटोंत शाबूत असते आणि तीच खरी. एक्झिफटूलने आधी फक्त अशा फाइलींची यादी केली ज्यांत ‘डेट टाइम ओरिजिनल’ (फोटो काढल्याची वेळ) रिकामं आहे. ३,९०० निघाल्या, बहुतेक व्हॉट्सअॅपच्या, कारण व्हॉट्सअॅप एक्झिफ काढून टाकतं. जेसॉनची तारीख फक्त त्यांना दिली.

पहिल्या फेरीनंतर दोन गोष्टी खटकल्या. कोकणकड्यावरच्या सूर्योदयाच्या फोटोंची वेळ रात्री १२:४० दिसत होती. आणि हेडलॅम्पच्या उजेडात मध्यरात्रीनंतर अडीचला चढतानाचे फोटो आदल्या दिवशी रात्री ९ला जाऊन बसले होते. जेसॉनमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. सकाळी ६:१०चा सूर्योदय म्हणूनच १२:४०चा झाला. दिवसा काढलेल्या फोटोंत ही चूक जाणवत नाही, कारण तारीख तीच राहते. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळातले फोटो मात्र थेट आदल्या तारखेच्या फोल्डरमध्ये जातात. रात्रीचा ट्रेक करणाऱ्यांनी हा साडेपाच तासांचा हिशेब लिहूनच ठेवावा.

एक अपवाद केला. सरांनी २०१८मध्ये घरच्या जुन्या छापील फोटोंचे मोबाइलने १३० फोटो काढले होते आणि गूगल फोटोजमध्ये त्यांच्या तारखा हाताने सुधारून १९९४, १९९६ अशा टाकल्या होत्या. ही सुधारणा जेसॉनमध्येच असते, फाइलच्या आत २०१८च राहतं. या १३० फाइलींवर जेसॉनची तारीख मुद्दाम चढवली. गूगलमध्ये केलेल्या एडिटिंगचंही तसंच: टेकआउटमध्ये मूळ फाइल वेगळी आणि नावाला ‘एडिटेड’ जोडलेली फाइल वेगळी येते. दोन्ही ठेवल्या.

लाइटरूम जागेवर आणणे

या टप्प्याची भीती सर्वांत जास्त होती, पण काम सगळ्यात कमी निघालं.

कॅटलॉग मुळात पिक्चर्समधल्या लाइटरूम फोल्डरमध्येच असतो, म्हणजे तोही वनड्राइव्हच्या कचाट्यात सापडला होता. लाइटरूम चालू असताना कॅटलॉग सतत बदलतो. सिंक करणारं सॉफ्टवेअर त्याच वेळी तो उचलायला गेलं तर अर्धवट प्रत वर जाते आणि कॅटलॉग खराब होऊ शकतो. म्हणून लाइटरूम बंद केलं, शेजारी ‘लॉक’ नावाची फाइल उरली नाही ना हे पाहिलं, आणि कॅटलॉगचं संपूर्ण फोल्डर सी ड्राइव्हवर वनड्राइव्हच्या बाहेर हलवलं. संपूर्ण, कारण मुख्य एलआरकॅट फाइलशेजारी ‘एलआरकॅट-डेटा’ असते आणि नव्या आवृत्त्यांत मास्कची माहिती तिच्यात राहते. नुसती एलआरकॅट उचलली तर आकाश किंवा माणूस निवडून केलेले मास्क हरवतात.

मग एसएसडीला डिस्क मॅनेजमेंटमधून ‘पी’ हे अक्षर दिलं. ई, एफ, जी ही अक्षरं पेनड्राइव्ह येताजाता घेत राहतात, वर्णमालेतलं बरंच पुढचं अक्षर दिलं की सहसा टिकतं. एसएसडीवरची आतली फोल्डरं या घडीला मुद्दाम जुन्या डिस्कवरच्या क्रमानेच ठेवली होती. लाइटरूममध्ये प्रश्नचिन्ह असलेल्या एकेका फोल्डरमागे न लागता उजवं क्लिक करून ‘शो पॅरेंट फोल्डर’ केलं, सगळ्यांत वरचं फोल्डर दिसल्यावर ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ने त्याला नवा पत्ता दाखवला. डिस्क ‘क’चे सगळे फोटो एका फटक्यात सापडले. पिक्चर्ससाठी हेच पुन्हा. लायब्ररी मेन्यूतलं ‘फाइंड ऑल मिसिंग फोटोज’ चालवल्यावर ५८ उरले, ते एकेक करून शोधले. दुसऱ्यांदा इम्पोर्ट झालेल्या राजगडाच्या कोऱ्या नोंदी कॅटलॉगमधून काढल्या. काढताना ‘डिस्कवरून डिलीट’ नव्हे, फक्त ‘रिमूव्ह’.

त्यानंतर सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस. एडिटिंग, रेटिंग, कीवर्ड एक्सएमपीत उतरले. यापुढे आपोआप उतरावेत म्हणून कॅटलॉग सेटिंग्जमधल्या मेटाडेटा भागात खूण केली. एक्सएमपीत सगळं येत नाही: कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी आणि एडिटिंगची पायरी-पायरीची नोंद कॅटलॉगमध्येच राहते. दोन्ही जपायचे ते यासाठी.

फोल्डरांची नावं बदलली ती शेवटी, आणि लाइटरूमच्या आतून. बाहेर फाइल एक्स्प्लोररमधून बदललं की पुन्हा प्रश्नचिन्हं. नावांचा नमुना: वर्ष, महिना, दिवस, मग किल्ल्याचं नाव. अंक इंग्रजी, नाव रोमन लिपीत. मराठी नावं विंडोजमध्ये नीट चालतात, पण जुन्या फोल्डरांत ‘हरिश्चंद्रगड’ आणि ‘हरिश्चन्द्रगड’ अशी दोन्ही रूपं होती आणि एक शोधलं की दुसरं मिळत नव्हतं. किल्ल्यांच्या नावांची एक ठरलेली यादी करून सरांच्या टेबलावर चिकटवली. कीवर्डमध्ये मराठी नाव आहेच.

आता कुठे काय

एकूण संग्रह ५६२ जीबी. मूळ घर ‘पी’ एसएसडीवर. एडिटिंग तिथेच, कॅटलॉग लॅपटॉपवर. घरातल्या कपाटात नवी २ टीबी हार्ड डिस्क, तिच्यावर दर पंधरवड्याला फ्रीफाइलसिंकने आरसा, म्हणजे हुबेहूब प्रत. आरशाची दिशा उलटी झाली तर जुनी प्रत नव्या कामावर चढते, म्हणून ‘कंपेअर’नंतर डिलीट होणाऱ्या फाइलींचा आकडा बघायचा. अपेक्षेपेक्षा मोठा दिसला तर थांबायचं. डिलीट झालेल्या फाइली ‘व्हर्जनिंग’च्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय केली. डिस्क ‘ख’ची तब्येत चांगली निघाली. ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून, पूर्ण प्रत भरून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात नाशिकला भावाकडे जाते. गणपतीला आणि दिवाळीला दोन्ही घरची माणसं भेटतात, तेव्हा अदलाबदल. लांब ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी मुद्दाम घेतली नाही, कारण महिनोन्‌महिने वीज न मिळालेल्या एसएसडीतला डेटा पुसट होऊ शकतो. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर: छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला हा ३-२-१चा नेम पुणे-नाशिक फेऱ्यांत बसला.

सगळंच क्लाउडवर का नाही, हा प्रश्न सरांनी विचारला आणि तो रास्त आहे. त्यांच्या नेटचा अपलोड वेग २० एमबीपीएस. ५६२ जीबीला न थांबता ६२ तास लागतील, आणि जागेचं भाडं दरमहा. त्याऐवजी गूगलमध्ये ठेवले निवडक २,४०० फोटोंचे जेपीजी एक्स्पोर्ट, साधारण १४ जीबी, दीड तासाचं काम. शिवाय एक्सएमपी फाइली, सगळ्या मिळून दीडशे एमबीच्या आत, आणि कॅटलॉगच्या शेवटच्या तीन बॅकअप झिप. लाइटरूम आपला बॅकअप ठरवून दिलं नाही तर कॅटलॉगशेजारीच ठेवतो, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही जातात. बंद करतानाच्या खिडकीत ती जागा बदलून ‘पी’वर केली.

प्रवासात एसएसडी न्यायची नाही. पाच तारे दिलेल्या फोटोंचे स्मार्ट प्रीव्ह्यू (एडिटिंगपुरत्या लहान प्रती) बनवलेत, लांब बाजू २,५६० पिक्सेल, एकाला साधारण एक एमबी. डिस्क नसतानाही त्यांच्यावर एडिटिंग होतं आणि घरी डिस्क जोडली की मूळ फोटोला लागू होतं. मात्र डिस्क नसताना एक्स्पोर्ट केलं तर २,५६०पेक्षा मोठं चित्र मिळत नाही. छापखान्याला पाठवायचं असेल तर आधी डिस्क जोडा.

नवे फोटो कार्डवरून थेट ‘पी’वर इम्पोर्ट होतात. कपाटातल्या डिस्कवर प्रत गेल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करायचं नाही. वनड्राइव्हचा पिक्चर्स बॅकअप बंद केला. बंद केल्यावर फाइली जुन्या जागी आपोआप आल्या असतील असं धरून न चालता दोन्ही फोल्डरं उघडून पाहिली.

२७ ऑगस्ट २०२५ला, गणेश चतुर्थीला, डबा नाशिकला पोहोचला. तिथल्या लॅपटॉपवर दहा वर्षांतल्या वीस फाइली कुठल्याही क्रमाने उघडून चेकसम जुळवले. वीसही जुळले, त्यात आयएमजी_४४१७ होती. डिस्क ‘क’ फॉरमॅट केलेली नाही. तिच्यावर ‘ऑगस्ट २०२६पर्यंत हात लावू नये’ अशी चिठ्ठी आहे. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या ४१ फोटोंची खरी तारीख अजून लागलेली नाही. ते ‘तारीख नाही’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, आणि त्यातल्या नऊ फोटोंत असा एक बुरूज आहे जो आता उभा नाही.